तीन हिरवे

आमच्या ओळीत सकाळी पावणेसातला कारखान्याचा भोंगा होतो. पाहुण्याच्या हातातला कप हिंदकळावा इतका मोठा. आम्ही मात्र ढिम्म. अंबरनाथला कारखान्याच्या कुंपणाबाहेर कामगारांनी बांधलेली ही बैठी घरं, आणि इथली पोरं त्या आवाजातच जन्मलेली. भोंगा चालू असताना ती झोपतात, अभ्यास करतात, भांडतात. "भोंगा झाला का हो?" असं आम्ही घड्याळाकडे बघून एकमेकांना विचारतो, कारण कानावर पडला तरी तो कळत नाही.

हे आधी सांगितलं, कारण भावनाची गोष्ट इथूनच सुरू होते. भावना रोकडे ही माझ्या भिंतीपलीकडची पोर. माझ्या डोळ्यांदेखत लहानाची मोठी झाली, म्हणून तिच्याबद्दल बोलायचा हक्क मी माझा मीच घेतला आहे. झोपेत तर ती पक्का दगड. भोंगा होऊन गेला तरी हिचं अंथरूण हलायचं नाही. शेवटी तिची आई जनाताई ओला हात तिच्या तोंडावरून फिरवायची, तेव्हा कुठे बाईसाहेब उठायच्या.

तिचा बाप शंकर आणि मी, हिंदुराव शेलार, एकाच कारखान्यात, एकाच खात्यात तीस वर्षं होतो. तयार झालेला माल तपासून पुढे सोडायचा, हे आमचं काम. शंकरची तपासायची एक पद्धत होती आणि तिच्यापायी मी त्याला जन्मभर शिव्या घातल्या. प्रत्येक भागाला तो बोट लावायचा आणि मोठ्याने बोलायचा. "पिन, आहे. वॉशर, आहे. आटे, साफ." नुसतं बघून पुढे जाणं नाही. आणि मधेच कोणी हाक मारली, चहा आला, साहेब आला, की पुन्हा पहिल्यापासून. अकरातली दहा कलमं झालेली असली तरी पहिल्यापासून. मी म्हणायचो, "अरे रोकडे, दहा झाली ना? अकरावं बघ आणि सोड." तो म्हणायचा, "हिंदुराव, दहा झाली असं मला वाटतंय. नुसत्या वाटण्यावर सही करू का?" खात्यात त्याला सगळे पाढेवाला म्हणायचे. ते नाव मीच ठेवलं होतं.

अशा माणसाच्या पोरीने बारावी झाल्यावर पायलट व्हायचं म्हटलं. ओळीत आधी हसू झालं, मग कुजबुज झाली. शंकरने रिटायर झाल्यावर राहायला म्हणून बदलापुरात हेंद्रेपाड्याला एक फ्लॅट घेऊन ठेवला होता. तो विकला आणि पोरीला खानदेशातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये घातलं. मी त्याला तोंडावर वेडा म्हटलं. "म्हातारपणी राहशील कुठे?" तर म्हणे, "इथेच. तुझ्या भिंतीला भिंत लावून."

दीड वर्ष सगळं सुरळीत चाललं. एका इंजिनाचं छोटं विमान भावना एकटीने उडवायला लागली. परीक्षाही पास झाली. लायसन्ससाठी शेवटचा टप्पा उरला होता, दोन इंजिनांच्या विमानाचा. इथे थोडं समजावून सांगतो, मलाही तिनेच समजावलं. तिच्या छोट्या विमानाची चाकं कायम बाहेर, आपल्या रिक्षासारखी. या मोठ्याची चाकं उडाल्यावर पोटात जातात आणि उतरण्याआधी पायलटने लिव्हर खाली ओढून ती बाहेर काढायची असतात. तीन चाकं, तीन हिरवे दिवे. तिन्ही दिवे लागले म्हणजे चाकं बाहेर येऊन पक्की बसली. आणि चाकं आत असताना इंजिनाचा जोर कमी केला, तर विमानाला वाटतं की हे उतरायला निघाले, म्हणून ते भोंगा वाजवून आठवण करून देतं. तिकडे त्याला हॉर्न म्हणतात.

त्या दिवशी शेजारी तिला शिकवणारे कॅप्टन अवधूत होते. एक इंजिन बंद पडलं तर कसं उतरायचं, हा धडा चालू होता. त्यासाठी एका इंजिनाचा जोर मुद्दाम उतरवून ठेवतात, त्यामुळे हॉर्न वाजतच राहतो. आणि एकाच इंजिनावर असताना चाकं लवकर काढली तर वारा अडतो, विमान भराभर खाली येतं. म्हणून रनवे नक्की हाती येईपर्यंत चाकं काढायची नाहीत. म्हणजे हॉर्न ओरडतोय आणि ही दोघं त्याला "थांब रे" म्हणत उडताहेत. असे सहा फेरे झाले. सातव्या फेऱ्यात भावना उतरण्याआधी तपासायच्या कलमांची यादी म्हणत लिव्हरपाशी पोचली, तेवढ्यात टॉवरवरून आवाज आला. पुढे दुसरं विमान आहे, जरा लांबून वळा. तिने उत्तर दिलं, विमान लांबून घेतलं आणि यादी पुढच्या कलमापासून चालू केली. लिव्हर ओढून झाली असं तिला वाटलं. कॅप्टनलाही वाटलं. हॉर्न दोघांच्या कानाशी बोंबलत होता.

विमान पोटावर उतरलं.

"काका, आधी कळलंच नाही," ती मला नंतर म्हणाली. "रनवे नेहमीपेक्षा खूप खाली वाटला. मग खरवडल्याचा आवाज आला, पंख्याची पाती आपटली. थांबल्यावर एकदम शांत. आणि मग मला हॉर्न ऐकू आला. त्या दिवशी पहिल्यांदा."

दोघांना साधं खरचटलंही नाही. विमानाचं पोट मात्र घासून निघालं आणि दोन्ही पंख्यांची पाती आत वळली.

संध्याकाळी दोघांनी जबाब लिहून द्यायचे होते. कॅप्टनने तिला बाजूला घेतलं. "हॉर्न वाजलाच नाही असं लिहू. दोघंही सुटू." दोघंही सुटली असती, त्यात शंका नाही. अडकले असते ते बबनभाऊ. बबनभाऊ तिथले जुने मेकॅनिक. त्याच सकाळी हॉर्न तपासून त्यांनी वहीत सही केली होती. हॉर्न वाजला नाही म्हटलं की सगळं त्या सहीवर जाऊन बसणार.

भावनाने घरी फोन लावला. मी तिथेच होतो आणि फोन स्पीकरवर होता. "जय भीम, पप्पा," म्हणाली आणि एका दमात सगळं सांगितलं. शंकरने एवढंच विचारलं, "हॉर्न वाजत होता का?"

"वाजत होता."

"मग विचार कसला करतेस?"

"पप्पा, खरं लिहिलं तर मला काढून टाकतील."

"टाकतील कदाचित."

जनाताईंनी पदराचं टोक दातात धरलेलं. मग पलीकडून आवाज आला, "बबनभाऊंची सही आहे, पप्पा." शंकर म्हणाला, "तेच तर."

मला त्याचा भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू? राहतं घर होणार होतं ते विकून शिकवलेली पोर, आणि हा बाबा तिला हाताने खड्ड्यात ढकलतोय! मी ओरडलो, "अरे, वाजला नाही असं लिही म्हणून सांग ना तिला! सगळे लिहितात." मी चप्पल घातली आणि घरी आलो.

तिने लिहिलं, हॉर्न वाजत होता, मला ऐकू आला नाही. कॅप्टन अवधूतचं उडणं बंद झालं आणि हिचंही. चौकशी चालू असेपर्यंत घरी जा, असं सांगण्यात आलं. तिथले चीफ, शिकवणाऱ्यांचे वरिष्ठ, म्हणजे हवाई दलातून आलेले करड्या शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी जाताना तिला बोलावून सांगितलं, "तीन महिन्यांनी मी स्वतः तुझी चेक घेईन. एकच. जमली तर पुढे, नाही जमली तर नाव कट." चेक म्हणजे शेजारी बसून घेतलेली उडवायची परीक्षा.

पोर बॅग घेऊन घरी आली तेव्हा ओळीत आधीच बातमी पोचली होती. "पडलं म्हणे विमान?" असं लोक तिला पिठाच्या गिरणीत विचारायचे, आणि ती दळणाचा डबा पुढे सरकवत म्हणायची, "पडलं नाही, मी पाडलं." चार दिवस ती घराबाहेर फारशी निघाली नाही. पाचव्या दिवशी सकाळी बापासमोर जाऊन उभी राहिली.

"पप्पा, मी यादी विसरले नव्हते. यादी मला झोपेतही येते. मला आवाज ऐकू येत नाही. ते मला शिकवा."

शंकर दाढी करत होता. त्याने अर्ध्या साबणाच्या तोंडानेच उत्तर दिलं. "नुसतं ऐकून भागत नाही. आवाज झाला की त्याला उत्तर द्यायचं. हात लावून, तोंडाने."

त्या रविवारी बाप-लेक उल्हासनगरला गेले. मीही गेलो, कारण जुन्या गाड्यांच्या सामानाचा दुकानदार माझ्या ओळखीचा. राग होता, पण ओळख वाया का घालवा? सिंधी दुकानदाराने एक फाटकी सीट दाखवून विचारलं, "किस गाडी में लगानी है, साईं?" भावना म्हणाली, "विमान में." तो पोट धरून हसला आणि सीटवर एक रिक्षाचा हॉर्न फुकट दिला. तो हॉर्न त्याने दिला नसता तर बरं झालं असतं.

शंकरने घरात सीट मांडली. समोर फळी, फळीवर लाकडी लिव्हर, वर तीन हिरवे दिवे. दिव्यांची बटणं मागे जनाताईंच्या हातात. आणि तो रिक्षाचा हॉर्न बॅटरीला जोडलेला. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास तो बोंबलायचा आणि त्याच्या वर भावनाचा आवाज चढायचा. "हॉर्न! चाकं? आत. रनवे हाती आला की काढणार." पुन्हा, "हॉर्न! चाकं?" दर वेळी लिव्हरला हात. लिव्हर ओढली की दिव्यांना एकेक बोट. जनाताई कधी तीन लावायच्या, कधी मुद्दाम दोनच. भावना म्हणायची थ्री ग्रीन; जनाताईंनी त्याचं घरगुती करून टाकलं, तीन हिरवे.

यादीच्या मधे तिला अडवायचं, हे दुसरं काम. "भावना, गॅस बंद केलास का गं?" "भावना, मावशीचा फोन आलाय." तिने उत्तर द्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. जिथे थांबली तिथून चालू केलं की शंकर बॅटरीची तार काढायचा आणि घर एकदम शांत व्हायचं. त्या शांततेची तिला चांगलीच धास्ती बसली होती. लवकरच सगळी ओळ तिला अडवायला यायला लागली. माझी बायको कौसाबाई तर रोज काहीतरी नवीन विचारून यायची. अडवायला माणसं आमच्याकडे कधीच कमी पडली नाहीत.

घराबाहेरही तोच नेम. स्टेशनवरच्या रस्त्याला रिक्षाने हॉर्न दिला, की ही जिथे असेल तिथे म्हणणार, "हॉर्न. चाकं?" भाजीवाली दचकायची. पोरं मागून ओरडायची, "ए ताई, चाकं!" ती वळून शांतपणे म्हणायची, "बाहेर. पक्की." महिनाभरात रिक्षा, ट्रक, क्रॉसिंगची गाडी, सगळ्यांचे आवाज तिला टोचायला लागले. एकच राहिला. पावणेसातचा भोंगा. "अलार्म लाव आणि ऊठ," मी म्हटलं. "मग अलार्मने उठले असं होईल, काका," ती म्हणाली. रोज रात्री ठरवून झोपायची आणि रोज सकाळी आईच्या ओल्या हाताने उठायची. तोंड धुताना इतकी चिडलेली असायची की तिच्याशी बोलायची सोय नव्हती.

दुसऱ्या महिन्यात माझं डोकं फिरलं. दुपारी डोळा लागलेला आणि भिंतीपलीकडे पुन्हा तो हॉर्न. मी तसाच बनियनवर त्यांच्या दारात गेलो. "शंकर, बंद कर ते! माणसं राहतात इथे!" शंकर म्हणाला, "बरा आलास. बस मागे. अडव तिला." आता अडवायचं तर काय बोलायचं? भावना यादीच्या शेवटाला आली होती. माझ्या तोंडून आपोआप गेलं, "अगं, दहा झाली ना? अकरावं बघ आणि सोड."

तिने मान वळवली नाही. "पहिल्यापासून, काका," म्हणाली आणि पहिल्या कलमाला बोट लावलं.

तीस वर्षं मी ज्याला पाढेवाला म्हणून हसलो, तो माझ्याकडे बघतही नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, साफ सांगतो. त्यानंतर मी रोज दुपारी अडवायला जायला लागलो.

तीन महिने झाले आणि ती निघाली. सकाळचा भोंगा तिला एकदाही ऐकू आला नव्हता. जाताना बापाला म्हणाली, "एक राहिलाच." शंकर म्हणाला, "राहू दे. तिथला ऐक."

चेकचं आता तिने सांगितलं तसं सांगतो. चीफ शेजारी बसले. तोच धडा, एक इंजिन उतरवलेलं. हॉर्न सुरू झाला आणि हिने मोठ्याने उत्तर दिलं, "हॉर्न. चाकं आत. रनवे हाती आला की काढणार." चीफनी भुवई चढवली. थोड्या वेळाने पुन्हा तेच, लिव्हरला हात लावून. मग यादी. लिव्हरच्या आधीच्या कलमावर चीफनी मुद्दाम विचारलं, "गाव कोणतं तुझं?"

"अंबरनाथ, सर." आणि यादी पहिल्यापासून.

"निम्मी झाली होती की."

"हो सर." पुन्हा पहिल्या कलमाला बोट.

लिव्हर खाली ओढली. घरघर झाली. तिने दिव्यांना बोट लावलं. एक हिरवा. दोन हिरवे. तिसरा, पुढच्या चाकाचा, काळाच. हॉर्नही थांबलेला नव्हता. क्षणभर तिला वाटलं, मागे मम्मी बसली आहे आणि तिनेच बटण दाबलेलं नाही. चीफनीही मुद्दाम काही केलं नव्हतं. त्यांचाही चेहरा बदलला होता. दिवा खराब असेल, म्हणून ते बोटाने टिचकी मारायला वाकले, तोवर हिने दोन्ही इंजिनांना पूर्ण जोर दिला होता. "उतरत नाही, सर. वर जातेय."

वर जाऊन तिने उजव्या चाकाचा पेटलेला दिवा काढून पुढच्या चाकाच्या जागी बसवून बघितला. तोही तिथे काळा. म्हणजे दिव्याचा दोष नव्हता, चाकच बसलं नव्हतं. दिवे पुन्हा जागच्या जागी लावले. मग टॉवरसमोरून खालून एक फेरी मारली. खाली बबनभाऊ दुर्बीण घेऊन उभे होते. रेडिओवर त्यांचा आवाज आला, "पुढचं चाक तिरकं लटकतंय, ताई. बसलेलं नाही."

चीफ म्हणाले, "विमान माझ्याकडे. तू हातपंप मार."

विमान हातातून काढून घेतलं म्हणजे चेक संपली, असं तिला वाटलं. फ्लॅट आठवला. तिने पंपाचा दांडा धरला. चाकं अडली तर हाताने दाब देऊन बाहेर ढकलायची, यासाठी तो पंप असतो. पहिले वीस दणके सहज गेले. मग दांडा जड झाला. पन्नासच्या पुढे तिचं मोजणं सुटलं, दंड थरथरायला लागले. वेग कमी ठेवायला चीफनी जोर उतरवला होता, म्हणून हॉर्न ओरडत होता आणि ती दर दणक्याला त्याला उत्तर देत होती, "चाकं. चाकं. चाकं." आणि मग हॉर्न थांबला.

तिने दिव्यांकडे नुसतं बघितलं नाही. पहिल्याला बोट लावलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. "थ्री ग्रीन, सर."

चीफनी स्वतः एकदा बघून घेतलं. मग हात वर घेतले. "विमान तुझ्याकडे. उतरव."

तिने यादी पहिल्यापासून म्हटली. सगळी. चीफ एकदाही मधे बोलले नाहीत. मागची दोन चाकं टेकली, मग पुढचं अलगद टेकलं आणि धरून राहिलं.

इंजिनं बंद झाल्यावर चीफनी फॉर्मवर सही केली आणि विचारलं, "ही बडबड कुठे शिकलीस?" "घरी," ती म्हणाली. खाली बबनभाऊ विमानाखाली वाकले होते. पुढच्या चाकाला हात लावून ते बराच वेळ तसेच राहिले. मग उठले आणि आपली पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

पुढच्या आठवड्यात दोन दिवसांसाठी ती घरी आली. संध्याकाळी सगळ्या ओळीला पेढे वाटले, मला दोन दिले. जेवून लवकर झोपली.

सकाळी मी ओट्यावर चहा घेऊन बसलो होतो. मी काही ऐकलं नाही. पावणेसात झालेले घड्याळात दिसले, म्हणून भोंगा चालू आहे हे कळलं. आणि भिंतीपलीकडे खाट करकरली. झोपेने जड झालेला भावनाचा आवाज आला.

"हॉर्न. चाकं?"

स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज थांबला. आमच्या जनाताई आयुष्यात कधी विमानात बसलेल्या नाहीत. त्यांनी तिथूनच उत्तर दिलं.

"तीन हिरवे, बाळा. झोप तू."